पानाला किती दिलंस?

आमच्या सरांना काही विचारायचं तर प्रश्न आधी कागदावर लिहावा, दोनदा वाचावा, जमलं तर एखाद्या वकिलाला दाखवावा आणि मगच विचारावा, असं माझं मत नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात झालं. मी तेव्हा लांज्याहून रोज रत्नागिरीला ये-जा करायचो. एका संध्याकाळी काम आवरत आलं म्हणून विचारलं, "सर, लांज्याची गाडी आहे का आता?"

"आहे."

मी निवांत डबा धुतला, बाटली भरली, पिशवी खांद्याला लावली आणि जिना उतरता उतरता विचारलं, "किती वाजता?"

"साडेपाचला."

"अहो सर, पावणेसहा झाले!"

"मग गेली ती."

"पण तुम्ही आहे म्हणालात!"

"विचारलंस तेव्हा होती," सर म्हणाले आणि पुन्हा स्क्रीनकडे वळले. यात खवचटपणा असता तर मला बरं वाटलं असतं. खवचट माणसाशी भांडता येतं. सरांचा चेहरा मात्र एखाद्याला मदत केल्यासारखा समाधानी होता.

पुढच्या गाडीला सव्वा तास होता. तो मी मांडवीच्या धक्क्यावर बसून, सरांना मनातल्या मनात शिव्या घालत काढला. पुढे तीन वर्षं माझा हा उद्योग नियमित चालू राहिला.

आमची कंपनी मांडवीत सरांच्या घराच्या माडीवर होती. पाटीवर 'ग्लोबल' असा शब्द होता, आणि माडीवर सर, मी आणि चित्रं-रंगांचं काम करणारी एक मुलगी एवढेच होतो. ती मुलगी कानात गाणी घालून बसायची आणि दिवसाकाठी चार शब्द बोलायची. सरांना ती अर्थातच आदर्श वाटायची. खारी हवा आत येऊन कीबोर्डचे स्क्रू गंजायचे, म्हणून संध्याकाळी प्रत्येक यंत्रावर जुनी चादर टाकायचा नियम होता. सकाळी माडीवर आलेल्या नवख्या माणसाला वाटायचं, इथे काहीतरी अशुभ घडलंय.

खालच्या मजल्यावर काकू, म्हणजे सरांची बायको. सर पूर्वी पुण्याला मोठ्या कंपनीत होते. ती नोकरी त्यांनी कशी सोडली हे काकूंकडून ऐकण्यासारखं होतं. "हे एक दिवस दुपारीच घरी आले. मी म्हटलं, आज लवकर? हे म्हणाले, हो. दुसऱ्या दिवशी घरीच. मी म्हटलं, रजा आहे का? म्हणाले, नाही. मला वाटलं सणबिण असेल कसला. चौथ्या दिवशी मी म्हटलं, अहो, नोकरी आहे ना? तर म्हणाले, नाही. आता चौथ्या दिवसापर्यंत मी तो प्रश्न का विचारला नाही, यावर उलट माझ्यावरच रागावले!"

हे सांगताना काकू हसायच्या. पण त्या चार दिवसांबद्दल त्यांनी सरांना अजून पुरती माफी दिलेली नव्हती, असा माझा अंदाज आहे.

सर असे का होते, याचं उत्तर त्यांच्या कामात होतं. किंवा काम तसं का होतं याचं उत्तर त्यांच्यात होतं. आम्ही वेबसाइटी करायचो. ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रोग्रॅमचा एक भाग असतो कंट्रोलर. तो साठवलेल्या माहितीतून हवी ती माहिती काढून आणतो. दुसरा भाग व्ह्यू, म्हणजे तुम्हाआम्हाला स्क्रीनवर दिसतं ते पान. पानाला स्वतःचं असं काही ठाऊक नसतं. कंट्रोलर त्याच्या हाती जे देईल तेच त्याचं. आता काय द्यायचं आणि किती द्यायचं, हा प्रश्न जगातले बाकीचे प्रोग्रॅमर दीड मिनिटात सोडवतात आणि चहाला जातात. सरांनी त्यावर आयुष्य काढलं.

मी कॉलेजात हे सगळं हॉटेलच्या भाषेत शिकलो होतो. स्वयंपाकघर, वेटर, गिऱ्हाईक वगैरे. मुलाखतीत मी ते घडाघडा म्हणून दाखवलं. सरांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "यात वेटर कोण?"

"म्हणजे... कंट्रोलर, सर."

"त्याला वेटर का म्हणायचं? त्याला नाव आहे ना?"

नोकरी मिळाली, ती बहुधा दुसरा कोणी आलाच नव्हता म्हणून.

सरांची पद्धत अशी. प्रत्येक पानाची एक चिठ्ठी करायची. वर पानाचं नाव, खाली त्या पानाला काय काय द्यायचं त्याची यादी. मग सरांच्या शेजारी उभं राहून एकेक गोष्ट मोठ्याने वाचायची, आणि सर म्हणायचे, "बोट ठेव." म्हणजे ती गोष्ट स्क्रीनवर जिथे दिसते तिथे खरंच बोट ठेवायचं. नाव? हे इथे. गाव? हे इथे. फोन नंबर? "फोन नंबर, सर, आत्ता दिसत नाही, पण पुढेमागे लागेल म्हणून..." की सर पेन्सिलीने त्यावर रेघ मारायचे. "पुढे लागेल तेव्हा पुढे दे. मागे लागेल तेव्हा मागे जाऊन दे." आमच्या ऑफिसातल्या सगळ्या स्क्रीनवर बोटांचे ठसे असायचे. तेलकट डबा खाल्ल्यावर तर पानाचा रंग कोणता ते ओळखू येत नसे. चिठ्ठी पास झाली की ती भिंतीला बांधलेल्या तारेवर कपड्यांच्या चिमट्याने लटकायची. तारेवर चिठ्ठी नाही ते पान लोकांसमोर जायचं नाही.

आमच्या फ्रेमवर्कमध्ये एक पिशवीही मिळायची. फ्रेमवर्क म्हणजे ज्याच्या आधाराने आम्ही प्रोग्रॅम लिहायचो तो तयार सांगाडा. त्या पिशवीत कंट्रोलरने काहीही टाकावं आणि पानाने हवं ते काढून घ्यावं, अशी सोय. मी एकदा ती वापरली. सरांनी कोड वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बाजाराला निघालास?"

"सोपं पडतं, सर."

"कोणाला?"

"मला."

"पगार घेतोस ना? मग तुला अवघड पडायला पाहिजे."

मला हा माणूस चक्रम वाटायचा. माझे पुण्या-मुंबईचे मित्र तासाभरात पान करायचे आणि आम्ही एकेका पानासाठी बोटं टेकवत बसायचो. शनिवारी मित्र भेटले की मी सरांची नक्कल करायचो. बोट ठेव, रेघ मार, चिमटा लाव. नक्कल हुबेहूब व्हायची, कारण तोवर मी निम्मा सर झालो होतो. आईने "जेवलास का?" विचारलं तर "हो" म्हणायचो आणि कुठे, काय, ते सांगायचं राहून जायचं. आई म्हणायची, "मेल्या, जिभेला भाडं पडतं काय तुझ्या?"

मग आमच्याकडे वधूवर मंडळाचं काम आलं.

मंडळ म्हणजे एक बाई. निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या आसपासच्या, आवाज अजून चौथीच्या वर्गाएवढा. त्यांच्याकडे जिल्हाभरातली स्थळं वह्यांमध्ये नोंदलेली होती, आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी 'शेरा' असा रकाना होता. शाळेची सवय सुटलेली नव्हती. "मुलगा चांगला. आई बोलते." "सांगितलेल्या उंचीत चप्पल धरली आहे." "पत्रिका दोन आहेत, जुळेल ती काढतात." "मुंबईत स्वतःची खोली म्हणतात. खोली मामाची, मामा हयात." असा एकेक ऐवज. बाईंची अट एकच होती. शेरा त्यांच्याशिवाय कोणाला दिसता कामा नये.

"दिसणार नाही," सर म्हणाले. त्यांच्या तोंडून असं वचन मी पहिल्यांदाच ऐकलं. बाईंना ते नेहमीचं वाटलं असावं, कारण त्या लगेच फोटोंच्या आकाराबद्दल बोलू लागल्या.

लोकांना दिसणाऱ्या यादीच्या पानाला सात गोष्टी द्यायच्या ठरल्या. नाव, जन्मसाल, गाव, शिक्षण, नोकरी, उंची, फोटो. पान अर्धं झालं आणि सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. डॉक्टरांनी आठवडाभर स्क्रीन बघू नका म्हटलं. दुसरा कोणी असता तर जरा इकडेतिकडे केलं असतं. सर खालच्या मजल्यावर टीव्हीसमोरून जातानासुद्धा काळ्या चष्म्याआड डोळे मिटून जायचे आणि टीपॉयला धडकायचे.

इकडे मंडळाचा मेळावा रविवारी, आणि बाईंचे फोन दर दोन तासांनी. यादी गावाप्रमाणे, शिक्षणाप्रमाणे चाळता आली पाहिजे, आणि पटकन. सात गोष्टी वेगळ्या काढून, बांधून द्यायच्या तर एक दिवस गेला असता. अख्खी नोंद जशीच्या तशी पानाच्या हाती दिली तर पाच मिनिटं. मी पाच मिनिटंवालं केलं. पान सातच गोष्टी दाखवत होतं. बाकीचं सगळं पानाच्या पोटात होतं, स्क्रीनवर न दिसणारं. पण उजवं बटण दाबून पानाचा आतला मजकूर उघडायचा असतो हे ज्याला माहीत असतं, त्याला ते सगळं वाचता येतं. हे मला माहीत होतं. लग्नाची स्थळं बघणारी माणसं कशाला असलं काही उघडतात, असा मी हिशेब केला.

शनिवारी दुपारी सरांचा खालून फोन आला. खालून माडीवर फोन, कारण जिना चढायची मनाई होती.

"चिठ्ठी केलीस?"

"केली."

"चिठ्ठीत किती गोष्टी?"

मी जरा थांबलो. "सात."

"पानावर किती दिसतात?"

"सात."

सर म्हणाले, "बरं. लाव तारेवर."

मी चिठ्ठी तारेवर लावली. मला तेव्हा फार गंमत वाटली होती, हे लपवत नाही. जेवढं विचारलं तेवढंच सांगितलं, आणि एक अक्षरही खोटं नाही. गुरूची विद्या गुरूला दिली.

मेळावा झाला, सगळे खूष झाले. गुरुवारी बाईंचा फोन आला तेव्हा आवाज चौथीच्या वर्गाचा राहिला नव्हता. कोणाच्या तरी पुण्याच्या पुतण्याने पानाचं पोट उघडलं होतं. शेऱ्यांचे फोटो मोबाइलवरून जिल्हाभर फिरत होते. चपलेवाल्यांनी बाईंना घरी येऊन चप्पल दाखवली. दोन पत्रिकावाल्यांना आता तिसरी करावी लागणार होती. मामाने भाच्याशी बोलणं टाकलं. दोन दिवस रत्नागिरीत लोक पोट धरून हसत होते, आणि खरं सांगायचं तर मीही मनातून थोडा हसलो.

गुरुवारी तो फोन आल्या आल्याच सर काठी टेकत माडीवर आले होते. काळा चष्मा तसाच.

"पानाला किती दिलंस?"

"सगळं."

"फोनवर सात म्हणालास."

"तुम्ही चिठ्ठीत किती ते विचारलंत. पानावर किती दिसतात ते विचारलंत. पानाला किती दिलंस, हे विचारलं नव्हतंत."

त्या मुलीने कानातली गाणी काढली. सर माझ्याकडे बघत होते की भिंतीकडे, चष्म्यामुळे कळत नव्हतं. मी पाठ करून ठेवलेलं वाक्य बोलून झालं होतं. सर म्हणाले, "आधी काढ ते." मी काढलं. सात गोष्टी वेगळ्या करायला दिवससुद्धा लागला नाही, तीन तासांत झालं.

मग सरांनी बाईंनी पाठवलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. हा शेरा हसण्यासारखा नव्हता. केळशीची मुलगी. "लहानपणी फिट येत असत. दहा वर्षं औषध बंद, त्रास नाही. वडिलांनी आपणहून सांगितले. मुलाकडच्यांना पहिल्या भेटीत वडील स्वतः सांगणार." तिचं एका ठिकाणी जुळत आलं होतं. पहिली भेट येत्या रविवारी होती. मुलाकडच्यांनी हा फोटो बुधवारीच बघितला, आणि लपवाछपवी करणाऱ्या घरात आम्हाला सोयरीक करायची नाही असं कळवून टाकलं.

"उद्या केळशीला जायचंय," सर म्हणाले. "गाडी तू चालव."

रत्नागिरीहून केळशी म्हणजे दोन खाड्या, दोन फेरीबोटी आणि अर्धा दिवस.

घर साधं, अंगण सारवलेलं, पडवीत आंब्याच्या रिकाम्या पेट्या रचलेल्या. वडील साठीचे, बागायतदार, हाताला चीक लागून काळे डाग पडलेले. त्यांनी आम्हाला बसायला दिलं, पाणी दिलं. आम्ही शिव्या खायच्या तयारीने गेलो होतो, आणि त्यांनी चहा टाकायला सांगितला.

"आमी सांगनारच होतो वो," ते म्हणाले. "रविवारी बोलावलं व्हतं, तवा पयलं तेच बोलनार व्हतो. आता सांगून काय? आमी लपवलं आनि पकडलो गेलो, असंच झालं ना?"

सर म्हणाले, "हो. तसंच झालं."

"चूक कोनाची ही?"

"माझी," सर म्हणाले.

मी शेजारीच बसलो होतो. एवढं जवळ बसून एवढं गप्प राहता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. सरांनी मग खिशातून एक कागद काढला. मंडळातल्या नोंदीची छापील प्रत, तारखेसकट. वडिलांनी नाव नोंदवलं त्याच दिवशी हे सांगितलं होतं, याचा पुरावा. "मी हा घेऊन मुलाकडे जातो," सर म्हणाले. "तुम्ही लपवलं नव्हतं हे त्यांना दाखवतो."

तेव्हा मुलगी आतून चहा घेऊन आली. दापोलीला एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये ती नोकरी करत होती. तिने कप ठेवले आणि सरांच्या हातातला कागद पाहिला.

"नको सर," ती म्हणाली. "आता माझ्याबद्दल आणखी कोणाला काही देऊ नका."

सरांनी कागदाची घडी घातली. मग ती माझ्याकडे वळली. कसं ओळखलं कोण जाणे, पण माझ्या तोंडावर असावं. "ते पान तुम्ही केलंत ना?"

"हो."

"माझ्या नावापुढे काय लिहिलंय ते वाचलं होतंत?"

"नाही."

"मग दिलंत कशाला?"

"सोपं पडतं म्हणून," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही, आणि दुसरं काही नव्हतंही.

"आम्ही लॅबमध्ये प्रत्येकाचा रिपोर्ट पाकिटात घालून देतो," ती म्हणाली. "कावीळ असो नाहीतर काही नसो. रोज पाकिटं चिकटवते मी. बोटं चिकट होतात, कंटाळा येतो. पण चिकटवते."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. वडिलांनी मान खाली घातली होती. आम्ही चहा प्यायलो, कारण न पिणं आणखी वाईट दिसलं असतं, आणि निघालो.

परतताना दाभोळची फेरीबोट निम्मी रिकामी होती. गाडी लावून आम्ही कठड्याशी उभे राहिलो. ऊन लागत होतं. सरांचा एक हात चष्म्यावर होता. मी तीन वर्षांत न केलेली गोष्ट केली. कोणी विचारलेलं नसताना बोललो.

"सर, तुमचा फोन आला होता ना, तेव्हा मी मुद्दाम तसं उत्तर दिलं होतं. सगळं दिलंय हे मला ठाऊक होतं."

"मला पण," सर म्हणाले.

"कधी कळलं?"

"तेव्हाच. सात म्हणायच्या आधी तू थांबलास."

इंजिनाचा आवाज एवढा होता की मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी जवळ सरकलो. "मग पुढचा प्रश्न का नाही विचारलात?"

सरांनी चष्म्यावरचा हात खाली घेतला.

"विचारला असता तर तू खोटं बोलला असतास. खोटं बोललास की मला तुला काढावं लागलं असतं." ते पाण्याकडे बघत होते. "मला तुला काढायचं नव्हतं रे."

तीन वर्षांत माझ्याबद्दल बरं म्हणता येईल असं सर पहिल्यांदाच काही बोलले होते. मला भरून आलं. या माणसाच्या मी नकला करत होतो आणि त्याला मी हवा होतो. आणि त्याच क्षणी मला इतकी शरम वाटली, की केळशीच्या त्या पडवीतसुद्धा तेवढी वाटली नव्हती. कारण माझी नोकरी राहिली होती आणि त्या मुलीचं जुळत आलेलं लग्न मोडलं होतं, आणि दोन्ही गोष्टी शनिवारच्या त्या एकाच फोनवर, आम्हा दोघांच्या संमतीने ठरल्या होत्या.